पाच कोस

फटफटी कडुनिंबाला डावा वळसा घालू लागली, तशी सूरजबाईने पदराचं टोक दातांत धरलं आणि सगळं अंग झाडाच्या बाजूला झोकून दिलं. असं झोकलं नाही तर फटफटीला जोडलेल्या पाळण्याचं चाक जमीन सोडतं, हे ती काल पहिल्याच फेरीत शिकली होती. चाकाने जमीन सोडली नाही. धुळीचं एक कडं झाडाभोवती उठलं, फटफटीचं तोंड परत नंदुरबारकडे झालं, आणि शांतिलालने इंजिन सुरूच ठेवून दोन्ही पाय खाली टेकले.

झाडाखाली बाजेवर धानोऱ्याचा भिला पाटील बसला होता. त्याने सुपातली एक लाल मिरची उचलली, डोळे बारीक करून देठात सुई घातली आणि ती दोऱ्यावर सरकवली.

“तेरावी व्हयनी, शेठाणीबाई,” तो म्हणाला. “आते चार ऱ्हायन्यात.”

सूरजबाईने दातांतला पदर सोडला. तोंडात धूळ कचकचत होती.

“धाकला शेठ,” पाटील शांतिलालकडे वळला, “तुम्हनं तोंड दखा जरा. भट्टीमाईन काढेल ईट दिसी ऱ्हायनी.”

“मग तीही धरा, पाटील. तुमची एक वाचेल.”

फेरीमागे पन्नास विटा, असं भिला पाटलाने सभेत कबूल केलं होतं. दुसऱ्या कोणी कौलं, कोणी सागाचे वासे, कोणी खाटा. अट सगळ्यांची एकच होती. छगनलाल शेठजींच्या धाकट्या भावाने, म्हणजे शांतिलालने, फटफटीवर तीनशे मैल पुरे करायचे. दोन दिवसांत, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि दिवसभरात इंजिन एकदाही बंद पडू न देता. त्यातून नंदुरबारात बायांसाठी दोन खोल्यांचा दवाखाना उभा राहायचा होता आणि सुरतेहून एक शिकलेली नर्स यायची होती.

पल्ला आधी मोठा ठरला होता. शहादा, तळोदा, होडीतून फटफटी तापीपार न्यायची, दुसऱ्या अंगाने परत यायचं, गावोगाव लोक हार घेऊन उभे. मग त्यात सूरजबाई आली, म्हणजे आणली गेली, आणि सगळा पल्ला नंदुरबार ते धानोरा एवढा आखडला. सतरा वेळा जायचं, सतरा वेळा यायचं.

झालं होतं असं. फटफटी शांतिलालने रेल्वेच्या एका परत जाणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरकडून घेतली, तेव्हाच तिच्या डाव्या अंगाला बसायची एक पेटी जोडलेली होती. गावाने तिचं नाव पाळणा ठेवलं. पाळणा रिकामा असला की वळणावर उचलायचा. म्हणून सरावाच्या दिवशी त्यात लाल मिरचीचं पोतं ठेवलं. मिरचीच का, तर छगनलालांच्या दुकानात दुसरं काही नसतंच. वाऱ्याने पोत्यातली पूड उडाली, शांतिलालला शिंका सुरू झाल्या, आणि बाराव्या शिंकेला फटफटी तुरीच्या शेतात होती. सभेत प्रश्न निघाला की मग वजन कसलं ठेवायचं. ज्वारीचं पोतंही चाललं असतं. पण कोणीतरी म्हणालं, दवाखाना बायांचा, तर पाळण्यातही बाईच बसू द्या. सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण ती बाई दुसऱ्याच्या घरची असावी असं प्रत्येकाला वाटत होतं. तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीवरून छगनलाल म्हणाले, “आमच्या घरचं बसेल.” टाळ्या पडल्या.

आमच्या घरचं त्या वेळी पापड लाटत होतं. टाळ्यांची बातमी सूरजबाईला दुसऱ्या दिवशी समजली.

आणि सूरजबाईला पाच कोसांची बाधा होती.

बाधा म्हणजे नेम, त्यांच्या मारवाडी घरात. वीस वर्षांपूर्वी तिची रूपकंवर तीन महिन्यांची असताना तापाने फणफणली. सासूने सूरजबाईला चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी महाराजांपुढे नेऊन बसवलं. काहीतरी सोड, पोर वाचेल. खाणंपिणं सोडायला सांगता येईना, कारण अंगावर पिणारी मुलगी. तर फिरणं सोड. घरापासून अमुक कोसांच्या पलीकडे जन्मात पाऊल टाकणार नाही, असं म्हण. किती कोस, महाराजांनी विचारलं. सूरजबाई तेव्हा विशीतली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने घर, मंदिर आणि विहीर एवढंच नंदुरबार पाहिलं होतं. तिच्या कानावर आलेलं सगळ्यात लांबचं गाव धानोरा. धानोरा किती, तिने हळूच सासूला विचारलं. पाच कोस असेल, सासू म्हणाली. मग पाच, ती म्हणाली, आणि आपण फार मोठी जागा मागून घेतली असं तिला वाटलं. तिचं माहेर मारवाडात होतं, तेही त्या आकड्याबाहेर गेलं, हे तिला घरी येऊन पायरी चढताना लक्षात आलं.

रूपकंवर वाचली. मोठी झाली. तिला करंजखेड्याला दिली. करंजखेडं धानोऱ्याच्या पुढे.

धानोऱ्यात या बाधेचा अर्थ वेगळाच पोचला होता. तिथे बाधा व्हायची ती भुताखेताची. शेठाणीला कडुनिंबाच्या पुढे नेलं की बाधा होते, असं गावाने आपापसांत समजून घेतलं होतं, आणि पाटलाच्या बायकोने काल सकाळी झाडाच्या खालच्या फांदीला एक लिंबू बांधून ठेवलं होतं. सूरजबाईने कोणाची समजूत काढली नव्हती. खरं सांगायचं तर त्याला जास्त वेळ लागला असता.

“चला, भाभी,” शांतिलाल म्हणाला. फटफटी सुटली.

पाळण्यात पाय लांब करता येत नसत. गुडघे पोटाशी, हात पुढच्या पत्र्यावर, आणि बाजूचं लहान दार कालच अडकून बसलेलं, ते बाहेरून ओढल्याशिवाय उघडायचं नाही. फटफटीच्या आवाजात बोलणं बुडून जायचं. रस्ता सुरू झाला की सूरजबाईजवळ ती स्वतःच उरायची आणि तिला स्वतःची फार सोबत वाटत नसे.

रूपकंवरचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, सूरजबाईच्या घरात झालं होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती दोन दिवस अडली होती. मूल आलं, पण रडलं नाही. शांतिलाल ते दोन्ही दिवस ओट्यावर बसून होता, आणि दवाखान्याचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते तिथेच. दुसऱ्या खेपेला सासरच्यांनी मुलीला पाठवलं नाही. पहिलं तिकडे झालं, आता इकडेच होऊ द्या, एवढंच त्यांनी कार्डावर लिहिलं होतं. त्यात टोमणा नाही, असं छगनलाल म्हणाले होते, आणि ते कार्ड त्यांनी दुसऱ्या कोणाला वाचायला दिलं नव्हतं. त्याला आता तीन आठवडे झाले. रूपकंवरचे दिवस भरले होते.

म्हणून कडुनिंबाशी पोचलं की सूरजबाईची नजर आधी पाटलाच्या खांद्यावरून पुढे जायची. रस्ता दोन शेतांच्या मधून उतरायचा, नाल्यात दिसेनासा व्हायचा आणि पलीकडच्या चढावर पुन्हा निघायचा, अरुंद आणि पांढरा. तेवढा दिसेपर्यंत फटफटी वळायची. कालपासून तेरा वेळा ती लेकीच्या दिशेने निघाली होती आणि तेरा वेळा तिला पाठ दाखवून परत गेली होती.

नंदुरबार जवळ आलं तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळत घातलेल्या मिरचीचा लाल रंग सुरू झाला. पौषाचं ऊन मऊ होतं, तरी डोळे चुरचुरत होते. गावाच्या अलीकडे एक बैलगाडी समोरून आली. सूरजबाईने बैल ओळखले. घरचीच गाडी, हाकणारा भिकन, आणि गाडीत एकच पोतं. पोत्यावर काळ्या शाईने दुकानाचा ‘छ’.

पोतं धानोऱ्याच्या दिशेने चाललं होतं. वीस वर्षांत तिने असं पाहिलं नव्हतं. मिरची नंदुरबारला येते. नंदुरबारहून खेड्याकडे मिरची जात नाही.

बाजाराच्या तोंडाशी छगनलाल उभे होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात स्वच्छ फडकं. दर फेरीला ते पुढे येत, फटफटीवरच्या मैलाच्या काट्याची काच पुसत, आकडा बघत आणि मागे होत. शांतिलाल तेल-पाणी बघेपर्यंत त्यांचं एवढंच काम. बायकोशी चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. घरातही फारशी नव्हती.

“आपली गाडी कुठे चाललीय?” सूरजबाईने पदराआडून विचारलं.

“जातेय एकीकडे,” छगनलाल म्हणाले. “पाणी प्यायलीस?”

चौदाव्या फेरीत त्यांनी भिकनची गाडी दोनदा ओलांडली, एकदा जाताना, एकदा येताना. बैल सावकाश चालले होते. भिकन तिच्याकडे बघून हसला. त्याला काही सांगायचं असावं असं वाटलं, पण फटफटी थांबत नाही.

पंधराव्या खेपेला कडुनिंबाखाली पाटलाच्या बाजेजवळ तुळशीबाई बसली होती. करंजखेड्याच्या शेजारच्या पाड्यावरची भिल्लीण. कित्येक वर्षं ती सूरजबाईच्या घरी जळाऊ लाकडं आणून टाकायची, आणि घरातलं गरम पाणी ढोसून वर सूरजबाईच्या पातळ ताकाला नावं ठेवायची. आज मोळी तिने धानोऱ्यातच विकलेली दिसत होती. फटफटी थांबताच ती उठली आणि पाळण्यात वाकून बघू लागली.

“तू ते पाळणामाच बठेल शे व,” ती म्हणाली. “मी म्हनं, लोके खोटं सांगतस.”

“करंजखेड्यानं काय, तुळशीबाई?” सूरजबाईने विचारलं. बाजारहाटापुरती अहिराणी तिला येत होती.

तुळशीबाईचं हसू गेलं. “सकायमा तुन्हा व्याहीसना अंगनामाईन उनू. तुन्ही पोरनं पोट दुखी ऱ्हायनं. सुईण बठेल शे जोडे. पानी तापाडी ऱ्हायनात.”

“कव्हयपाशी?”

“रातपाशी म्हनेत.”

भिला पाटलाने मिरची ओवली. या खेपेला त्याने आकडा मोठ्याने सांगितला नाही.

सूरजबाईचा हात पाळण्याच्या दारावर गेला. दार हललं नाही. हललं असतं तरी उतरून ती कडुनिंबापर्यंतच गेली असती. तिने हात परत मांडीवर ठेवला. शांतिलाल मान वळवून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या धुळीने माखलेल्या चेहऱ्यावर फक्त डोळेच ओळखू येत होते.

“भाभी?”

“चला,” ती म्हणाली. “पंधराच झाल्यात.”

परतीचे मैल कसे गेले ते तिला समजलं नाही. मागून कोणीतरी पदर ओढतंय असं सारखं वाटत होतं. एकदा तिने वळून बघितलंही. पदर दाराच्या फटीत अडकला होता.

बाजाराशी छगनलाल फडकं घेऊन पुढे झाले. ते काट्यावर वाकले तेव्हा त्यांचा कान तिच्या तोंडाजवळ आला.

“रूपीचं सुरू झालंय,” ती म्हणाली. “रात्रीपासून.”

छगनलाल काच पुसत राहिले. एकदा पुसून झालेली काच त्यांनी दुसऱ्यांदा पुसली. कोणी सांगितलं, काय म्हणाले, सुईण आहे का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. पहाटे करंजखेड्याकडच्या मिरचीच्या गाड्या बाजारात येतात, आणि त्या आल्या की पहिल्यांदा त्यांच्याच ओट्याशी थांबतात, हे तिला तेव्हा आठवलं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“ठाऊक होऊन काय करणार होतीस,” छगनलाल फडक्याची घडी घालत म्हणाले. त्यात राग नव्हता. विचारल्यासारखंही नव्हतं.

सोळाव्या फेरीला धानोऱ्याच्या शिवेवर भिकनची गाडी दिसली. पोतं तसंच होतं.

कडुनिंबाखाली तुळशीबाई अजून बसलेली होती, पाय पसरून, हातात एक डहाळी. पळसाची असावी. पानं माना टाकून होती.

“तुळशीबाई,” सूरजबाईने विचारलं, “नंदुरबारथीन करंजखेडं कितला कोस?”

“मन्हा पायले चार.”

“चार कसे? इथपर्यंतच पाच होतात,” शांतिलाल मध्येच म्हणाला.

“तुम्हना व्हतस,” तुळशीबाई म्हणाली. “शेठ लोकेसना कोस येगळा. घरथीन निघनू का मी एक डांगळी तोडस. हातमा धरीसन चालस. ती सुकनी का एक कोस व्हयना. मंग बसस, पानी पेस, दुसरी तोडस. नंदुरबारपावत चार डांगळ्या.” तिने हातातली डहाळी उलटी करून बघितली. “उन्हायामा पाच लागतस. पान लवकर सुकस. आते ते थंडी शे.”

“म्हणजे तुझं गाव उन्हाळ्यात लांब जातं आणि हिवाळ्यात जवळ येतं,” शांतिलाल हसून म्हणाला.

“मंग. जाई दखा डोकावर मोळी लिसन.”

भिला पाटीलही हसला. सूरजबाई हसली नाही. फटफटी वळून निघाली तरी ती मागे बघत होती. तुळशीबाईने सुकलेली डहाळी बाजूला टाकली आणि तिच्याकडे बघून हात केला.

किती कोस, एवढंच महाराजांनी विचारलं होतं. कोणाचा कोस, हे त्यांनीही विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. सासूने सांगितलेला कोस भाड्याच्या गाडीवानाचा होता, आणि गाडीवानाचा कोस गिऱ्हाईक बघून ठरतो. असल्या कोसावर आपण वीस वर्षं बसून राहिलो. ती मनाशी हे म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली, कारण रूपकंवर त्याच कोसावर वाचली होती. आता त्या कोसाला बोट लावावं, आणि तेही नेमक्या आज?

बाजाराशी या खेपेला गर्दी होती. शेवटची फेरी म्हणून लोक ओट्यांवर चढून उभे होते, कोणीतरी ताशा आणून ठेवला होता. छगनलालांनी काच पुसली. मग त्यांनी बगलेतून तिची लोकरीची शाल काढून पाळण्यात तिच्या मांडीवर ठेवली, आणि पायाशी उकळून गार केलेल्या पाण्याची झाकणाची कळशी ठेवली. रोजचा तांब्या नव्हता, कळशी होती.

“तासाभरात तर येतोय परत,” सूरजबाई म्हणाली.

“संध्याकाळी गार पडतं,” छगनलाल म्हणाले. मग शांतिलालकडे वळून, “आता घाई करू नकोस. सूर्य आहे अजून.”

ते मागे झाले आणि गर्दीत मिसळून गेले. शेवटच्या फेरीला अध्यक्षांनी पुढे उभं राहायचं असतं, असं कोणीतरी ओरडून सांगितलं. ते पुढे आले नाहीत.

सतराव्या खेपेला शांतिलालला कडुनिंबाच्या अलीकडेच थांबावं लागलं, कारण वळणाच्या जागी भिकनची गाडी सोडून ठेवलेली होती. बैल झाडाला बांधलेले. पोतं रस्त्याकडेच्या दगडाला टेकवून उभं केलेलं.

भिला पाटलाने शेवटची मिरची ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि माळ फटफटीच्या पुढच्या दिव्याला घालण्यासाठी चष्मा सावरत जवळ आला. माळ घालून झाल्यावर तो सहज काट्यावर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“धाकला शेठ, हाऊ आकडा काय शे?”

शांतिलालने बघितलं. बोटाने काच पुसली आणि पुन्हा बघितलं.

“दोनशे साडेऐंशी.”

“आनी अठथीन नंदुरबार?”

“साडेआठ.” शांतिलालचे ओठ हलू लागले. “म्हणजे दोनशे एकोणनव्वद. पाटील, धानोरा नऊ मैल आहे ना? सगळे नऊ म्हणतात.”

“म्हनतस ते नऊच. मोजं कोन?”

“अकरा मैल कमी पडतात.” शांतिलालने कपाळावर हात मारला, आणि कपाळावर हाताचा पांढरा ठसा उठला. “आता गावाभोवती घिरट्या घालायच्या का?”

“कसाले घिरट्या?” तुळशीबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “सरय जाय. करंजखेडं जाय आनी ये.”

करंजखेडं तिथून साडेपाच मैल. जाऊन येऊन अकरा. शांतिलालने ते मनात मांडलं, आणि मग तो सूरजबाईकडे बघेनासा झाला.

“भाभी, तुम्ही इथे उतरा,” तो फटफटीच्या दिव्याशी बोलल्यासारखं म्हणाला. “पाटलांच्या घरी बसा. मी जाऊन येतो. रूपीची खबर आणतो. वजनाला...” तो थांबला. त्याला पोतं दिसलं.

“ते पोतं कोणी आणलं?”

“मोठा शेठनी धाडं,” भिकन म्हणाला. “दुपारनं. म्हनेत, नींबजोडे ठी दे. फटफटी येई तव्हय लागी.”

शांतिलालने खाली उतरून पाळण्याचं दार ओढून उघडलं. सूरजबाई उतरली. पायांना मुंग्या आल्या होत्या. ती फटफटीला धरून उभी राहिली, मग पोत्यापाशी गेली. तेच पोतं होतं, सरावाच्या दिवशीचं, तुरीच्या शेतात पडून एका कोपऱ्याला फाटलेलं. फाटलेला कोपरा कोणीतरी नव्याने शिवला होता. दुकानातल्या कामवाल्याची शिवण असते तशी ती नव्हती. टाके लहानमोठे होते, तिरपे गेले होते. पोत्याच्या तोंडाशी, सुतळीच्या आत, एक फडक्याचं गाठोडं बांधलेलं होतं. तिने ते बाहेरून चाचपलं. सुंठ तिला बोटांना कळली. ओवा वासाने कळला. डिंकाचे खडे. बाळंतिणीचं सगळं होतं, आणि ते बांधलेलं फडकं काच पुसायच्या फडक्याच्याच ठाणातलं होतं.

वजन जायच्या वाटेला लागणार नव्हतं. जाताना पाळण्यात वजन होतंच. पोतं लागणार होतं ते येताना.

सूरजबाईने सुतळीची गाठ घट्ट केली. मग भिकनला म्हणाली, “ते मागे बांध. धाकल्या शेठच्या पाठीशी.”

“मागे?” शांतिलाल म्हणाला. “आणि पाळण्यात?”

पौषाची चौदस होती. चौदसेला हिरव्याला हात लावायचा नाही, भाजीसुद्धा चिरायची नाही, हा नेम तिला बाधेच्याही आधीचा, आईकडून आलेला. ती कडुनिंबाखाली गेली. पाटलाच्या बायकोने लिंबू बांधलेली फांदी हाताला येत होती. लिंबाला धक्का न लावता तिने त्याच्या पलीकडची एक डहाळी धरली. आधी ती नुसती वाकली. मग तुटली. इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नसणार.

तुळशीबाईने पाय आखडून घेतले आणि ती तिच्याकडे बघत राहिली. “ताजी शे,” ती म्हणाली. “टिकी.”

“शेठाणीबाई,” भिला पाटील उठून उभा राहिला. त्याचा आवाज खाली आला होता. “पुढे तुम्हले बाधा व्हई ना.”

“व्हई तर व्हई, पाटील,” सूरजबाई म्हणाली. “लिंबू बांधेल शे ना तुम्ही.”

ती पाळण्यात बसली. गुडघे पोटाशी घेतले, शाल पांघरली, कळशीचं झाकण काढलं आणि पदराचं टोक त्यात बुडवून ते डहाळीच्या देठाला गुंडाळलं. कोसाला मदत केली तर दोष लागतो का, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

शांतिलालने भिकनची गाडी रस्त्यातून काढायला लावली नाही. गाडीच्या उजव्या अंगाने पुढे जायला पुरेशी जागा होती. पोतं पाठीला लागताच त्याने पहिली शिंक दिली.

“येताना सांभाळून ये,” सूरजबाई म्हणाली. “बाराव्या शिंकेच्या आत.”

फटफटी सुटली. कडुनिंब डाव्या हाताला आला, तसं तिचं अंग सवयीने त्या बाजूला झुकलं, पदराच्या ओल्या टोकावर हाताची मूठ घट्ट झाली. पण फटफटी वळली नाही.